असामान्य बुद्धीचे मूल आणि त्याची शाळा : बालाघाट जिल्ह्याच्या निमित्ताने

(देवस्थानच्या उत्सवप्रसंगी महाजन कुटुंबांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उत्सवाच्या दिवसांत सभामंडपात गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव करण्याची प्रथा आता गोमंतकातील बहुतेक देवस्थानांत रूढ झाली आहे. नाव पुकारले जाते, मूल पुढे येते, श्रीफळ आणि पाकीट स्वीकारते, आईवडील कृतार्थ होतात. प्रथा स्तुत्य आहे. तिच्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु या यादीत येण्यासाठी एकच कसोटी असते, ती म्हणजे परीक्षेतील टक्केवारी. शंभरात पंच्याण्णव गुण मिळविणारे मूल हुशार आणि कष्टाळू असते यात शंका नाही. असामान्य बुद्धीचे मूल मात्र याच यादीत सापडेल अशी खात्री नसते. कित्येकदा ते सभामंडपाच्या बाहेर, दीपमाळेच्या पायरीवर एकटेच बसून पणत्यांच्या ओळी मोजत असते. आजचा विषय ते मूल होय.

उदाहरणासाठी मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा निवडला आहे. गोव्यात बसून बालाघाटची चर्चा कशाला, असा प्रश्न कोणाच्या मनात येईल. पुण्यामुंबईच्या मुलाला ओळखणारे कोणी ना कोणी भेटते. तेथे ग्रंथालये आहेत, शिकवणीचे वर्ग आहेत, प्रयोगशाळा आहेत. व्यवस्थेची खरी परीक्षा होते ती दूरच्या जिल्ह्यात, आणि बालाघाट हा तसा जिल्हा आहे. शिवाय महाजनांची कुटुंबे आता गोव्यापुरती राहिलेली नाहीत. नोकरीच्या निमित्ताने कुळावी भारतभर पांगले आहेत, आणि त्यांची मुले परभाषेच्या शाळांत शिकत आहेत.

बालाघाट जिल्हा 1867 साली अस्तित्वात आला. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा भातशेतीचा मुलूख. तेथील चिन्नोर तांदळाला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळाले. बालाघाट शहराला लागूनच भरवेलीची मँगनीजची खाण आहे आणि पलीकडे मलाजखंडला तांब्याची. खाणींचा संसार जवळून पाहिलेल्या गोमंतकीय श्रोत्यांना ते चित्र वेगळे वर्णन करून सांगायला नको. उत्तर-पूर्वेला बैहरचे पठार आणि कान्हाचे अरण्य; तेथे गोंड आणि बैगा लोकांची वस्ती आहे. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 17 लाख होती, आणि दर हजार पुरुषांमागे 1021 स्त्रिया होत्या. मुलींना जगू देणारा हा जिल्हा आहे, एवढे तरी त्या आकड्यावरून म्हणता येते.

आता या जिल्ह्यातील भाषांची घडण पाहावी, कारण मुख्य अडचण तेथूनच सुरू होते. 1956 पूर्वी बालाघाट आणि शेजारचा भंडारा हे दोन्ही जिल्हे नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात होते, आणि त्या राज्याच्या राजभाषा दोन होत्या, हिंदी आणि मराठी. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर, भंडारा मुंबई राज्यात गेले. बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. सरहद्द कागदावर आखली गेली, नातीगोती होती तेथेच राहिली. आजही वारासिवनी, कटंगी, लांजी, किरनापूर या भागांतील कितीतरी घरांत पोवारी किंवा मराठी बोलतात, बैहरकडे गोंडी ऐकू येते, आणि शाळा हिंदीत भरते. मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी असे घटनेचे 350-क हे कलम सांगते. हे कलम घटनेत आले तेही त्याच 1956 साली. कलम आहे, परंतु मातृभाषा जाणणारा शिक्षक पाड्यावरच्या शाळेत असला तरच त्याला अर्थ.

अशा शाळेत सहा वर्षांचे तीव्र बुद्धीचे मूल पहिल्या दिवशी जाते तेव्हा काय होते? ते गप्प बसते. गुरुजींच्या नोंदवहीत ‘मंद’ असा शेरा पडतो. ज्येष्ठ श्रोत्यांना हे नवे वाटू नये. पोर्तुगीज अमदानीत घरी कोंकणी, देवळात मराठी आणि शाळेत पोर्तुगीज, अशा तीन घरांत एकाच मुलाला राहावे लागे. ‘प्रिमेरु ग्राव’च्या पहिल्या वर्षी मुके राहिलेले मूल पुढे लिसेवमध्ये वीसपैकी सतरा-अठरा गुण मिळवी, आणि ज्याला पहिल्याच वर्षी घरी बसवले ते जन्मभर घरीच राही. दोघांच्या बुद्धीत फरक होता, असे कोण म्हणेल? फरक होता तो कोणी वाट पाहिली याचा.

असे मूल ओळखावे कसे? प्रथम हे सांगितले पाहिजे की एकच एक खूण नाही. सामान्यतः असे मूल लवकर बोलते, कित्येकदा कोणी न शिकवता वाचू लागते. एकदा ऐकलेले विसरत नाही. जे आवडते त्यात तासन्‌तास गढून जाते आणि जे आवडत नाही त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. वडीलधाऱ्यांच्या बैठकीत त्याला करमते, समवयस्कांत करमत नाही. अन्याय झाला, मग तो कुत्र्याच्या पिलावर का होईना, की ते अस्वस्थ होते. ‘का’ हा प्रश्न ते थकेपर्यंत विचारते; थकतो तो उत्तर देणारा.

या झाल्या सुखाच्या खुणा. दुसऱ्या खुणा त्रासदायक असतात आणि शाळेत बहुधा त्याच आधी दिसतात. गणिताचे उत्तर बरोबर असते, परंतु रीत लिहिलेली नसते. गुरुजी म्हणतात, नक्कल केली. धडा एकदा वाचून समजला असताना तोच दहा वेळा उतरवायला सांगितला की मूल वही फेकते. वर्गाचे गणित पाच मिनिटांत संपवून उरलेला अर्धा तास शेजाऱ्याच्या खोड्या काढते. अक्षर गिचमीड, कारण हात विचारांच्या मागे पडतो. काही मुलांत तर तीव्र बुद्धी आणि वाचनातील खरी अडचण, ज्याला डिस्लेक्सिया म्हणतात, या दोन्ही एकत्र नांदतात. एक दुसरीला झाकते, आणि मूल ‘मध्यम’ म्हणून पुढे ढकलले जाते. मुलींचा प्रकार आणखी निराळा. दहा-अकरा वर्षांच्या सुमारास बुद्धी दाखवली की मैत्रिणी दुरावतात हे त्यांच्या ध्यानी येते, आणि त्या उत्तर येत असूनही हात वर करीत नाहीत. धाकट्या भावंडाला सांभाळत घरी बसलेली मुलगी तर कोणत्याच नोंदवहीत नसते.

परीक्षा आणि चाचण्या यांवर सर्वस्वी विसंबू नये, हे दाखविणाऱ्या दोन गोष्टी प्रसिद्ध आहेत. कुंभकोणमच्या श्रीनिवास रामानुजन यांनी गणितापायी इतर विषयांकडे दुर्लक्ष केले. त्यांची महाविद्यालयीन शिष्यवृत्ती गेली आणि पुढे मद्रासला जाऊनही एफ. ए. ची परीक्षा त्यांना उत्तीर्ण होता आली नाही. तेच रामानुजन 1918 साली रॉयल सोसायटीचे फेलो झाले. दुसरी गोष्ट अमेरिकेतील. लुईस टर्मन या मानसशास्त्रज्ञाने 1921 पासून कॅलिफोर्नियातील तीव्र बुद्धीची मुले बुद्धिमापन चाचणीने निवडून त्यांचा आयुष्यभर अभ्यास चालविला. चाचणीत पुरेसे गुण न मिळाल्यामुळे जी मुले गळाली त्यांत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही दोन होती. पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक शॉकली यांना 1956 मध्ये आणि अल्वारेझ यांना 1968 मध्ये मिळाले. चाळणी कितीही बारीक असली तरी तिच्यातून काय निसटले हे चाळणीला कधीच कळत नाही.

तरीही चाळणी लागतेच, कारण जागा थोड्या असतात. बालाघाट जिल्ह्यासाठी अशी मुख्य चाळणी म्हणजे वारासिवनी येथील जवाहर नवोदय विद्यालय. खेड्यातील होतकरू मुलांना निवासी शिक्षण विनामूल्य मिळावे, या कल्पनेतून पहिली दोन नवोदय विद्यालये 1985-86 मध्ये हरियाणातील झज्जर आणि महाराष्ट्रातील अमरावती येथे निघाली, आणि 1986 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ती कल्पना देशभर नेली. गोव्यात वाळपई आणि काणकोण येथे अशी विद्यालये आहेत, म्हणून श्रोत्यांना नाव परिचयाचे आहे. परंतु नियम फार थोड्यांना ठाऊक असतात, आणि नियम ठाऊक नसल्यानेच मुले मुकतात. म्हणून ते थोडे विस्ताराने सांगणे इष्ट.

प्रवेश सहावीत मिळतो. त्यासाठी मूल पाचवीत त्याच जिल्ह्यातील मान्यताप्राप्त शाळेत शिकत असले पाहिजे. निवड परीक्षा दोन तासांची. तिचा निम्मा भार मानसिक क्षमतेच्या, म्हणजे आकृत्यांच्या प्रश्नांवर, आणि उरलेला अंकगणित व भाषा यांवर. निदान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी राखलेल्या असतात, एक तृतीयांश मुलींसाठी. आणि ग्रामीण म्हणून गणले जाण्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण शाळेत झालेली असावी लागतात. परीक्षेला बसण्याची संधी जन्मात एकदाच. पाचवीच्या वर्षी अर्ज भरला गेला नाही, किंवा परीक्षेच्या दिवशी मूल तापाने फणफणले, तर पुढच्या वर्षी पुन्हा बसता येत नाही. आणि जागा किती? एका विद्यालयात सहावीला फार तर 80.

सतरा लाखांच्या जिल्ह्यात ऐंशी! बैहरच्या अरण्यातील एकशिक्षकी शाळेत पाचवीचा एखादा मुलगा झाडावरच्या पक्ष्याचे घरटे पाहून उन्हाळा कसा जाईल ते सांगत असेल. पण त्याच्या गुरुजींनी वेळेत अर्ज भरला नाही तर त्या मुलापुरता नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशाचा दरवाजा कायमचा बंद झाला. अर्ज आता संगणकावर भरायचा असतो, म्हणजे गुरुजींपाशी मोबाईल हवा, मोबाईलला रेंज हवी आणि गुरुजींना आस्था हवी. यांपैकी तिसरी गोष्ट सरकार पुरवू शकत नाही. शहरातील मुले मात्र वर्ष-वर्ष शिकवणी लावून या परीक्षेची तयारी करतात. आकृत्यांचे प्रश्न शिकवणीने सुटू लागले की ती परीक्षा बुद्धीची राहते की शिकवणीची, हा विचार संबंधितांनी अवश्य करावा.

प्रवेश मिळाला की सर्व सुरळीत होते असेही नाही. दहा-अकरा वर्षांचे लेकरू घर सोडून वसतिगृहात जाते. गावात पहिला असलेला तेथे चाळिसावा ठरतो, आणि तो धक्का त्याला कोणी समजावून सांगितलेला नसतो. पहिल्या काही महिन्यांत रडून परत जाणारी मुले असतात. या विद्यालयांतील एक पद्धत मात्र विशेष उल्लेखनीय आहे. नववीतील सुमारे 30 टक्के मुले एका वर्षासाठी हिंदी भाषिक प्रदेशातून अहिंदी प्रदेशात आणि तिकडची इकडे पाठविली जातात. ज्या मुलाला पहिलीत परक्या भाषेने मुके केले होते, तोच नववीत आपण होऊन दुसरी भाषा उचलतो.

जे ऐंशींत आले नाहीत त्यांचे काय? त्यांच्यासाठीही काही वाटा आहेत. आठवीत राष्ट्रीय साधन-सह-गुणवत्ता शिष्यवृत्तीची परीक्षा असते. सरकारी व अनुदानित शाळांतील, वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असलेल्या घरांतील मुलांना नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये मिळतात. नववीत मध्य प्रदेश शासनाच्या उत्कृष्ट विद्यालयांची प्रवेश परीक्षा आहे. राज्याची मेधावी विद्यार्थी योजना 2017 पासून महाविद्यालयीन शुल्काचा भार उचलते. मात्र 1963 साली सुरू झालेली राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा, जिच्यातून देशातील कितीतरी शास्त्रज्ञ पुढे आले, ती 2021 मध्ये स्थगित झाली. तिचा उल्लेख जुन्या मार्गदर्शिकांत अजून आढळतो, म्हणून पालकांनी सावध असावे.

तथापि या सर्व वाटा दुसऱ्या शाळेकडे जाणाऱ्या आहेत. बहुसंख्य बुद्धिमान मुले आहे त्याच शाळेत राहणार, आणि त्यांच्या गरजा तेथेच भागल्या पाहिजेत. यासाठी फार पैसा लागतो हा गैरसमज होय. जे येते ते पुन्हा घोटवून न घेणे ही पहिली गरज, आणि ती फुकट भागते. पाढे पाठ असलेल्या मुलाला पाढे लिहायला न लावता शाळेच्या अंगणाचे क्षेत्रफळ काढायला लावावे. तिसरीतील मुलाला गणिताच्या तासापुरते पाचवीत बसू द्यावे आणि खेळाच्या तासाला तिसरीत परत पाठवावे. सबंध वर्ग वगळून पुढे चढविण्याचा मोह मात्र जपून करावा. बुद्धी पाचवीची असली तरी पेन्सिल हरवल्यावर रडू तिसरीचेच येते. त्याला दुसऱ्यांचा अभ्यास घेण्याच्या कामाला सदैव जुंपू नये. ती शिक्षकाची सोय झाली, मुलाची नव्हे. पुस्तके द्यावीत, आणि कुलूपबंद कपाटातून नव्हे. एखादा जाणता माणूस जोडून द्यावा. तो पदवीधरच असला पाहिजे असे नाही. भरवेलीच्या खाणीतील फोरमन दगडांविषयी जे सांगेल ते पुस्तकात नसते.

पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने या विषयाचा महाराष्ट्रात पाया घातला. डॉ. वि. वि. उर्फ आप्पा पेंडसे यांनी 1962 साली ती संस्था स्थापन केली आणि 1969 मध्ये बुद्धिमान मुलामुलींची स्वतंत्र शाळा सुरू झाली. बुद्धी ही समाजाची ठेव आहे, तिचा उपयोग समाजासाठी व्हावा, ही तेथील धारणा. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही विशेष प्रतिभेच्या मुलांचा निर्देश आहे. त्यांच्यासाठी विषयवार मंडळे काढावीत, शिक्षक-प्रशिक्षणात या विषयाचा समावेश असावा, असे ते सांगते. धोरण बालाघाटच्या पाड्यावर कधी पोहोचते ते पाहायचे.

घराने काय करावे याची दोन उदाहरणे येथे देणे योग्य होईल. एक सुस्थितीतील घराचे. डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म 1938 सालचा, कोल्हापूरचा; बालपण मात्र बनारसला गेले, कारण वडील हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. घरी मराठी, शाळा हिंदी माध्यमाची, म्हणजे बालाघाटच्या मराठी मुलासारखीच स्थिती. घरातील भिंतीवर फळे होते. शिकण्यासाठी येऊन राहिलेले मोरूमामा, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार, त्या फळ्यावर जयंतासाठी आव्हान म्हणून एक गणित लिहून ठेवीत. ते सुटेपर्यंत, किंवा मुलाने हार मानेपर्यंत, पुसले जात नसे. पाहुण्यांपुढे मुलाला उभे करून पाढे म्हणवून घेणे आणि त्याच्यासाठी मुकाट्याने फळ्यावर गणित लिहिणे, या दोहोंतील अंतर पालकांनी मनावर घ्यावे.

दुसरे उदाहरण तर गोमंतकाचेच. डॉ. रघुनाथ माशेलकर यांचा जन्म 1943 साली माशेल येथे झाला. वडील लहानपणीच वारले आणि आई मुलाला घेऊन मुंबईस गेली. शिवणकाम आणि मिळेल ती मेहनत करून तिने त्याला शिकविले. बाराव्या वर्षापर्यंत मुलाच्या पायांत वहाण नव्हती. माध्यमिक शाळेच्या प्रवेशासाठी 21 रुपये हवे होते. ते जमविण्यास आईला 21 दिवस लागले. शाळेत भावे नावाचे शिक्षक होते. त्यांनी मुलांना उन्हात नेऊन भिंगाने कागद जाळून दाखविला आणि किरण एका बिंदूवर आणले म्हणजे काय होते ते समजाविले. 1960 च्या शालान्त परीक्षेत हा विद्यार्थी सबंध बोर्डात अकरावा आला, आणि तरीही शिक्षण सोडण्याची पाळी आली होती. सर दोराबजी टाटा ट्रस्टची महिना 60 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून पुढचे सारे घडले. ते वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले, रॉयल सोसायटीचे फेलो झाले, 2014 साली पद्मविभूषण झाले. आईचे 21 रुपये, भावे मास्तरांचे भिंग आणि ट्रस्टचे 60 रुपये, या तीन कड्यांपैकी कोणती एक तुटली असती तर? माशेल गाव तेवढेच राहिले असते आणि कोणाला काही कळलेही नसते.

महाजनांपुढे हा विषय मांडण्याचे प्रयोजन आता स्पष्ट करता येईल. देवस्थानच्या शिष्यवृत्ती निधीतून आज जे दिले जाते ते बहुधा शालान्त परीक्षेनंतर, टक्केवारी पाहून. त्यातील काही भाग पाचवी ते आठवीच्या मुलांकडे वळविता येईल. कुळावी कुटुंब गोव्यात असो वा बालाघाटसारख्या दूरच्या जिल्ह्यात, नवोदय आणि आठवीची शिष्यवृत्ती यांच्या अर्जांची मुदत दरवर्षी पत्राने वा मोबाईलवरून कळविण्याचे काम समितीतील एकाने पत्करले तर खर्च जवळजवळ नाही. वसतिगृहात गेलेल्या मुलाच्या आईला महिन्यातून एकदा भेटीला जाण्याचे भाडे द्यावे. पहिल्या वर्षी मूल टिकते की परत येते हे पुष्कळदा त्या एका भेटीवर ठरते. गुणगौरवाच्या यादीसाठी नावे मागविताना गुणपत्रिकेबरोबर शिक्षकाचे किंवा शेजाऱ्याचे दोन ओळींचे पत्रही स्वीकारावे, म्हणजे वर्गात मध्यम ठरलेल्या परंतु रेडिओ उघडून पुन्हा जोडणाऱ्या मुलाचे नाव समितीपुढे येऊ शकेल. आणि अग्रशाळेच्या ओसरीवर एक काळा फळा लावून दर शनिवारी त्यावर एक कोडे लिहावे. उत्तरे टाकण्यासाठी फंडपेटीशेजारी एक लहान पेटी पुरेल; उत्तरावर नाव आणि इयत्ता असावी, टक्के लिहू नयेत.